दुखणे अंगावर काढू नये

भगिनींनो, ‘आजारपण आणि गृहिणी’ या विषयावर स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावे, असे चिटणीसबाईंनी सुचविले. मी काही वैद्य नव्हे; परंतु अंबरनाथच्या आमच्या घरात जो धडा मिळाला, त्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे, हे पुढे वाचनात आले. तेच सांगते.

२०२० चा श्रावण होता. करोनाच्या टाळेबंदीमुळे आपल्या लोकल मार्चपासून सर्वसामान्यांना बंद होत्या. घरात प्रथम यजमान पडले, मग सासूबाई, शेवटी मी. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि सहाव्या दिवशी मी ओट्यापाशी उभी राहिले. कुकरची शिट्टी होण्यापूर्वीच डोळ्यांपुढे अंधारी आली! उल्हासनगरहून येऊन शेजारी राहिलेल्या सिंधी काकी दाराबाहेर डबा ठेवीत आणि लांबूनच बजावीत, “ताप गेला म्हणजे दुखणे गेले असे नव्हे.”

आता मागे वळून पाहू. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. सप्टेंबरात इन्फ्लुएंझाची दुसरी, अधिक भयंकर लाट आली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. आगगाडीच्या वाटेने साथ देशभर पसरली आणि एक कोटीहून अधिक माणसे गेली. उल्हासनगर तेव्हा वसलेलेही नव्हते. ते नाव १९४९ चे. पण बदलापूरवरून जाणारा लोहमार्ग होताच. माणसातील या रोगाचा विषाणू शास्त्रज्ञांच्या हाती लागला तो १९३३ साली. तोवर खरे औषध कुठले? गर्दी टाळा, घरी पडून राहा, एवढाच वर्तमानपत्रांचा सल्ला.

परंतु घरी पडून कोण राहणार? त्या साथीत वीस ते चाळीस वयाची माणसे फार गेली, आणि आपल्या देशात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक गेल्या. अभ्यासक त्याची दोन कारणे देतात. एक, रोग्याची शुश्रूषा बाईकडे. दुसरे, ताटात उरेल ते तिचे. त्यात त्या वर्षी पावसाने दगा दिला आणि धान्य महागले. सर्वांच्या उशाशी बसणारीच्या उशाशी बसायला कोणी नव्हते.

हे वाचून मला सासूबाईंची आठवण झाली. मला अंधारी आली त्या दिवशी त्यांनी यजमानांना ओट्यापाशी उभे केले आणि मऊभात करायला शिकविले. आठ दिवस मी केवळ पेज, भात, पाणी आणि झोप यांवर होते.

म्हणून सांगणे एवढेच : ताप उतरल्यावरही विश्रांती घ्या. धाप लागली, छातीत दुखले किंवा भान हरपू लागले, तर क्षणभरही न थांबता डॉक्टर गाठा. आणि शेजारची बाई आजारी असेल, तर तिच्या दाराशी एक डबा अवश्य ठेवा. मंडळाचे खरे कार्य त्याहून मोठे ते काय?