सलगम आणि लॉर्डसाहेब

आपल्याकडे सलगम म्हटलं की "म्हणजे काय हो?" असं विचारणारेच जास्त. भोवऱ्याच्या आकाराचं, वरून जांभळट आणि खाली पांढरं असं हे कंदमूळ. पंजाब-काश्मीरकडे त्याची भाजी आवडीने खातात. पण इंग्लंडच्या शेतीत या सलगमने मोठं काम केलं आणि त्याचं सगळं श्रेय एकाच माणसाच्या नावावर जमा झालं. त्याबद्दल थोडं सांगतो.

कृषिक्रांतीचा धडा वाचलेल्यांना 'टर्निप टाउनशेंड' आठवत असेल. चार्ल्स टाउनशेंड (१६७४–१७३८) हा इंग्लंडचा मंत्री. मेहुणा रॉबर्ट वॉलपोलशी बिनसलं आणि १७३० साली राजकारण सोडून तो नॉर्फोकमधल्या रेनम या आपल्या गावी शेती करायला गेला. बोलण्यात सतत सलगमचाच विषय! कवी अलेक्झांडर पोपनेही त्याची चेष्टा केली होती.

पण सलगममध्ये एवढं होतं तरी काय?

पूर्वी तिकडे तीन शेतांपैकी एक दरवर्षी पड ठेवत. जमिनीला विश्रांती मिळे, पण पीक काही नाही. हिवाळ्यात गवत वाढत नाही, म्हणजे वैरणीचीही ओढ. मग नॉर्फोकात चार वर्षांचा फेरा रुळला. गहू, सलगम, सातू आणि क्लोव्हर. क्लोव्हर हे आपल्या मेथीघासाच्या कुळातलं, जमिनीत नत्र साठवणारं. हरभऱ्याचा बेवड चांगला, असं आपले शेतकरी म्हणतात ना, तेच हे. सलगमच्या ओळींत खुरपणी-कोळपणी होई, त्यामुळे तणही मरे. जमीन पड न ठेवता सुधारू लागली.

उन्हाळ्यात पेरलेलं सलगम थंडीत तयार होई. बरंचसं पीक उपटतच नसत. शेतात ताट्यांचं कुंपण करून त्यात मेंढ्या सोडायच्या, तेवढा तुकडा खाऊन झाला की कुंपण पुढे सरकवायचं. खाणं तिथेच आणि लेंडीखतही तिथेच. आपल्याकडे धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवतात, त्याचीच आठवण होते.

मात्र कडक थंडीत सलगम गोठतं आणि मग सडतं. म्हणून काही पीक आधीच काढून साठवायचं. पाला कापायचा, माती नुसती झाडायची, धुवायचं नाही. फावडं लागलेले कंद बाजूला काढून आधी जनावरांना घालायचे, कारण एक सडका कंद शेजारच्यालाही सडवतो. उरलेल्यांचा कोरड्या जागी लांबट ढीग रचायचा, त्यावर पेंढा आणि पेंढ्यावर माती थापायची. माथ्यावर पेंढ्याची एखादी जुडी वर काढून ठेवायची, म्हणजे आतली वाफ निघून जाते. भोवती चर खणायचा, पाणी आत शिरू नये म्हणून. आपलं धान्याचं पेव जमिनीखाली असे, हे जमिनीवरचं, एवढाच फरक.

आता श्रेयाचं. हे सगळं टाउनशेंडने आणलं, असं अनेक वर्षं छापलं जात होतं. पण त्या काळी इंग्लंडमध्ये माणूस वारला की शेजारीपाजारी येऊन त्याच्या चीजवस्तूंची यादी करीत. भांडी, गुरं, शेतातलं उभं पीक, प्रत्येकाची किंमत लिहीत. मार्क ओव्हर्टनसारख्या इतिहासकारांनी नॉर्फोक-सफोकच्या अशा याद्या चाळल्या, तेव्हा साध्या शेतकऱ्यांच्या शेतातही सलगम सापडलं, आणि तेही लॉर्डसाहेब शेतीकडे वळण्याच्या कितीतरी आधी! फ्लँडर्समधल्या सलगम आणि क्लोव्हरच्या शेतीवर रिचर्ड वेस्टनचं पुस्तक तर १६५० साली, टाउनशेंडच्या जन्माआधीच निघालं होतं.

म्हणजे टाउनशेंडने काहीच केलं नाही असं नव्हे. मोठा माणूस बोलला की चार लोक ऐकतात. पण पहिल्यांदा जोखीम घेणारे होते ते लहान शेतकरी. वर्षाचं पीक हातचं गेलं असतं तर त्यांना पेन्शन नव्हती.

इतिहासाच्या पेपरात एका मार्काला एक नाव लागतं, म्हणून अशी नावं टिकतात. बाकीचे राहतात कुठल्यातरी यादीत, तीही कोणी केली असेल तर. आपल्या घराण्यात तशी यादी कोणी केल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा नातेवाईक मंडळींना एक विनंती. आपले आजे-पणजे शेतात काय पेरत, पेव कुठे होतं, वैरण कशी राखत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. सांगणारी माणसं आहेत तोवरच.