उराकामीचे पश्चात्तापी

वसईच्या गोन्सालो गार्सियाचे नाव महाराष्ट्रातील कॅथलिक घरांत आदराने घेतले जाते. वसईजवळच्या गास येथील देवालय त्याच्याच नावाचे आहे. फ्रान्सिस्कन संघाचा हा बंधू जपानमध्ये दुभाष्याचे काम करी. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर चढवून भाल्यांनी ठार करण्यात आले आणि १८६२ साली या सव्वीस जणांना रोमने संतपद दिले. परंतु त्याच नागासाकीत ज्यांचे धैर्य ऐन वेळी खचले, त्यांची हकीकत आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते.

प्रश्न फार जुना आहे. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले, तरी मेंढरे राखण्याचे काम त्याच्याकडेच आले. इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसच्या हुकुमाला भिऊन कित्येक ख्रिस्ती लोकांनी राजदेवतांना बलिदान केले आणि छळ ओसरताच ते देवालयाच्या दाराशी परत आले. रोमच्या नोव्हेशियनला त्यांना आत घेणे मान्य नव्हते. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने २५१ साली भरविलेल्या सभेने मात्र प्रायश्चित्ताचा मार्ग मोकळा ठेवला. नोव्हेशियनची कठोरता दुरून भव्य दिसते खरी. पण तिच्या न्यायाने पेत्रालाही बाहेरच राहावे लागले असते.

जपानमध्ये १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. पुढे सरकारने 'फुमिए' नावाची युक्ती काढली. ख्रिस्ताची किंवा मरियामातेची प्रतिमा भुईवर ठेवीत आणि प्रत्येकास तिच्यावर पाय देण्यास सांगत. नागासाकीत हा प्रकार वर्षानुवर्षे चालला. नाकारणाऱ्याच्या नशिबी छळ वा मृत्यू. पाय देणारा घरी जाई. पण घरी जाऊन त्याने काय करावे? पापनिवेदन ऐकणारा एकही धर्मगुरू देशात उरला नव्हता. अशा वेळी एक पुस्तिका उपयोगी पडली. बिशप लुईस सेर्केरा यांच्या काळात, १६०३ साली, पूर्ण पश्चात्तापाविषयीचा हा लहानसा ग्रंथ सिद्ध झाला होता. त्याच्या नावातील 'कोन्चिरिसान' हा पश्चात्तापवाचक पोर्तुगीज शब्दाचा जपानी उच्चार होय. धर्मगुरू मिळणे अशक्य असेल तेव्हा देवावरील प्रेमाने मनापासून पश्चात्ताप करावा आणि संधी येताच पापनिवेदन करण्याचा निश्चय ठेवावा, अशी त्यातील शिकवण. गुप्तपणे धर्म पाळणारी कुटुंबे प्रतिमेवर पाय देऊन आल्यावर ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत, असे परंपरा सांगते. ती संधी यायला दोन शतकांहून अधिक काळ लागला.

१८६५ साली नागासाकीत ओउरा येथे त्याच सव्वीस रक्तसाक्षींच्या नावाने देवालय उभे राहिले. १७ मार्च रोजी उराकामी गावचे काही शेतकरी तेथे आले आणि आपलीही श्रद्धा तीच असल्याचे त्यांनी फादर पेतिजाँ यांना हळूच सांगितले. बंदी मात्र उठली नव्हती. जुलै १८६७ मध्ये एका रात्री ६८ जण पकडले गेले. पुढे झालेल्या छळापुढे ताकागी सेनेमोन याच्याखेरीज जवळजवळ सर्वांनी मान तुकवली, धर्म सोडल्याचे कबूल केले आणि ते सुटले. गावी परतल्यावर त्या सुटकेत त्यांना सुख लाभले नाही. थोड्याच दिवसांत त्यांतील अनेक जण गावच्या मुखियाच्या वाड्यावर गेले आणि दिलेला कबुलीजबाब त्यांनी मागे घेतला. असे करण्याचे फळ काय, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. धैर्य त्यांच्या ठायी पहिल्या दिवशी नव्हते. ते पडल्यानंतर आले.

त्यानंतर उराकामीचे तीन हजारांहून अधिक लोक निरनिराळ्या प्रांतांत हद्दपार झाले. सहाशेंहून अधिक तेथेच मरण पावले. काहींचे धैर्य तेथेही पुन्हा खचले. १८७३ साली बंदीचे फलक उतरले आणि उरलेले लोक उजाड शेतांकडे परतले. पुढे १८८० साली त्यांनी मुखियाचा तोच वाडा विकत घेतला, जेथे त्यांच्या वाडवडिलांना प्रतिमेवर पाय द्यावा लागे. त्या जागेवर १८९५ साली विटांच्या देवालयाचे काम सुरू झाले. पैशांची ओढाताण इतकी, की ते १९१४ साली कुठे पुरे झाले.

९ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाची तयारी म्हणून दोन धर्मगुरू तेथे पापनिवेदन ऐकत होते. अकरा वाजून दोन मिनिटांनी जवळच अणुबाँबचा स्फोट झाला. देवालयातील कोणीही वाचले नाही. सध्याचे देवालय १९५९ साली त्याच जागी बांधलेले आहे.