‘आधीसारखं वाजवा ना!’

सुकापूरहून मी पुन्हा एकदा तुमच्या कानात. आजचा प्रश्न सोपा आहे. आवडत्या मेटल बँडचा नवा अल्बम आला की फॅन्सचे दोन गट का पडतात?

हे भांडण जुनं आहे. १९९१ मध्ये मेटॅलिकाने काळ्या कव्हरचा अल्बम काढला. गाणी आटोपशीर झाली, वेग कमी झाला आणि खप तुफान वाढला. जुने थ्रॅशवाले म्हणाले, ‘हे विकले गेले.’ २००३ मध्ये ‘सेंट अँगर’ आला. त्यात गिटारचे सोलोच नव्हते, आणि स्नेअर ड्रम तर पत्र्याचा डबा बडवल्यासारखा! त्यावरून लोक अजून वाद घालतात.

आयर्न मेडनने २००६ च्या दौऱ्यात आख्खा नवा अल्बम ओळीने वाजवला. काहींना ती हिंमत वाटली, काही जण जुन्या गाण्यांसाठी ओरडत राहिले. पुढचा मोठा दौरा १ फेब्रुवारी २००८ ला आपल्या मुंबईत, बीकेसीमध्ये सुरू झाला. त्यात बहुतेक गाणी ऐंशीच्या दशकातली होती. म्हणजे कधी बँड हट्ट करतो, कधी पब्लिक.

आता आपल्या घरचं बघू. पनवेलहून हार्बर पकडून सीएसएमटीला उतरा, धोबी तलावाकडे चालत जा. तिथे झेवियर्स कॉलेजजवळ रंगभवन आहे. १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ तिथे गाजला. त्या काळी बँड किती भारी हे ठरायचं परदेशी गाणं तो किती हुबेहूब वाजवतो यावर. स्वतःचं गाणं सुरू केलं की पब्लिक थंड! अशा वातावरणात महेश तिनईकर, उदय बेनेगल यांच्या रॉक मशीनने १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. पुढे १९९३ मध्ये नावही बदललं, इंडस क्रीड. जम बसलेलं नाव सोडणं म्हणजे चेष्टा नाही राव.

रॉक मशीन हार्ड रॉकवाले. अस्सल मेटलचं उदाहरण हवं तर मुंबईचाच डेमॉनिक रेझरेक्शन घ्या. साहिल मखिजाने २००० साली सुरू केलेला हा बँड अंधार, सैतान, जोरकस कीबोर्ड यांसाठी ओळखला जायचा. २०१७ मध्ये त्यांनी अल्बम आणला ‘दशावतार’. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी, आणि मेटलमध्ये मिसळलेला भारतीय वाद्यांचा आवाज. आमच्या ग्रुपमध्ये लगेच फूट पडली. एक मित्र म्हणाला, ‘शेवटी आपली गोष्ट आपल्या आवाजात आली.’ दुसरा म्हणाला, ‘मला जुना अंधारच बरा होता.’

मला गंमत वाटली ती नावाची. दशावतार म्हटलं की कोकणातल्या माणसाला रात्रभर चालणारं नाटक आठवतं. तिथे प्रेक्षकाला आख्यान आधीच पाठ असतं, पण संवाद लिहून दिलेले नसतात. नट रंगमंचावरच रचतात. माहीत असलेली गोष्ट आज हा कशी सांगतो, हे बघायला तर लोक जागतात! मेटलचा फॅन मात्र नेमका उलटा. त्याला गोष्ट नवी चालते, आवाज जुनाच लागतो.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून एक फरक लगेच दिसतो. अ‍ॅप अपडेट झालं की जुना स्क्रीन जातो. युजर चिडला तर समजू शकतो. अल्बमचं तसं नसतं. नवा आला म्हणून जुना फोनमधून उडत नाही. मग राग कशाचा? मला वाटतं, आपण जुनं गाणं मागत नसतोच. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हाचे आपण, ते कॉलेज, वाटून घेतलेला तो इअरफोन, ते सगळं परत मागत असतो. ते कुठला बँड देणार?

नवं आवडलंच पाहिजे असं नाही. ‘सेंट अँगर’ मलाही झेपत नाही. पण मेटॅलिकाला आपल्या रुसण्याने काही फरक पडत नाही. नोकरी सांभाळून, पदरमोड करून रेकॉर्डिंग करणाऱ्या आपल्या पोरांना पडतो. आपण फक्त ‘जुनं वाजवा’ म्हणत राहिलो, तर ते पुन्हा हुबेहूब नकलांकडे वळतील. म्हणून तीनदा ऐका, मग खुशाल शिव्या घाला. आणि गिगचं तिकीट मात्र विकत घ्या, फुकट पास मागू नका!