चोरीचं सूत्र आणि फुगलेले कपॅसिटर

टेबलावर एक जुना मदरबोर्ड ठेवलाय. प्रोसेसरच्या सॉकेटला लागून करंगळीच्या पेराएवढे नऊ कपॅसिटर उभे आहेत. प्रत्येकावर ६.३ व्होल्ट, १५०० मायक्रोफॅरड, १०५ अंश असं छापलेलं. त्यातल्या सहांच्या डोक्यावरचा पत्रा पुरीसारखा टम्म फुगलाय. दोघांच्या फुलीच्या खाचेतून तपकिरी द्रव बाहेर येऊन तिथेच वाळलाय. नखाने खरवडला तर खपली निघते. उरलेले तीन सपाट आहेत आणि त्यांच्यावर वेगळ्या कंपनीचा शिक्का आहे. कपॅसिटर फुगण्याच्या प्रकरणात मी पहिला दस्तऐवज या बोर्डालाच मानतो.

असे बोर्ड ज्या संगणकांत बसत, ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून सुटे भाग आणून जोडलेले असत. ‘असेंबल्ड पीसी’ हा तेव्हाचा घराघरातला शब्द. २००२ नंतरच्या काही वर्षांत यातले कितीतरी पीसी एकच खोड दाखवू लागले: गाणं चालू असताना, पत्र टाइप करताना, कधी नुसते चालू ठेवलेले असतानाही एकदम बंद. बटण दाबलं की पुन्हा चालू. महाराष्ट्रात ती भारनियमनाची वर्षं होती. रोज दिवे जाणाऱ्या घरात संगणक आपला आपण बंद पडला, तर संशय आधी विजेवर जाणार, मग यूपीएसवर, मग एसएमपीएसवर, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायवर. मदरबोर्डचा नंबर सगळ्यात शेवटी लागायचा.

तपासणीची रीत चुकीची नव्हती. हिरवी वायर काळीला जोडून एसएमपीएस एकटा चालवून बघायचा. पिवळ्या वायरवर मल्टीमीटर लावायचा, ११.४ ते १२.६ च्या दरम्यान आकडा आला की पास. पण घोटाळा इथेच होता. प्रोसेसर १२ व्होल्टवर चालत नाही. मदरबोर्डवरचं रेग्युलेटर सर्किट एसएमपीएसचा दाब उतरवून दीड व्होल्टच्या आसपास आणतं आणि त्यावर कित्येक अँपिअर प्रवाह पुरवतं. प्रोसेसरची मागणी क्षणात वाढते, क्षणात उतरते. ते चढउतार सावरायचे ते या कपॅसिटरांनी. त्यांची क्षमता घटली आणि आतला रोध वाढला की दीड व्होल्टमध्ये खड्डे पडतात. साधा मल्टीमीटर सरासरी दाखवतो. हे खड्डे त्याला दिसतच नाहीत. म्हणून दुरुस्तीवाला प्रामाणिकपणे सांगायचा, ‘व्होल्टेज बरोबर आहे, तुमच्याकडची लाइनच खराब असणार.’

आता कागदांकडे वळू. या सदोष कपॅसिटरांची छापील नोंद मिळते ती २००२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरची, ‘पॅसिव्ह कंपोनंट इंडस्ट्री’ या अमेरिकी व्यापारी नियतकालिकात. फेब्रुवारी २००३ मध्ये ‘आयईईई स्पेक्ट्रम’ने तोच विषय जगभरच्या अभियंत्यांपुढे नेला. आज सगळीकडे सांगितली जाते ती गोष्ट इथूनच निघाली. जपानच्या रुबिकॉन कंपनीतला एक शास्त्रज्ञ चीनमधल्या ‘ल्युमिनस टाउन इलेक्ट्रिक’मध्ये गेला. तिथे रुबिकॉनच्या इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे कपॅसिटरमधल्या द्रवाची, नक्कल तयार झाली. मग त्याच्या हाताखालच्या माणसांनी ते सूत्र पळवून तैवानमध्ये नेलं, पण अर्धवटच. द्रव टिकाऊ करणारी द्रव्यं त्यात नव्हती. चोरावर मोर झालेल्यांची ही गोष्ट कुणाला सांगावीशी वाटणार नाही?

पण ती जशीच्या तशी स्वीकारायला मी तयार नाही. शास्त्रज्ञाचं नाव या वृत्तांतांत नाही, आणि सांगणारे उद्योगातलेच, म्हणजे ऐकीव माहितीवर विसंबलेले. शिवाय सालांचा मेळ बसत नाही. प्रचलित कथनात ही चोरी २००१ मधली. उलट ॲबिट या मदरबोर्ड बनवणाऱ्या तैवानी कंपनीविरुद्ध अमेरिकेत जो सामूहिक दावा झाला, त्याच्या तडजोडीत १९९९ पासून विकत घेतलेले बोर्ड धरलेत. दाव्यातला कालखंड वकील ठरवतात, मान्य. एवढ्यावरून चोरीची गोष्ट खोटी ठरत नाही. सगळं खापर तिच्यावर फोडता येत नाही, इतकंच. बाधित उत्पादकांपैकी सदोष कपॅसिटर वापरल्याची जाहीर कबुली दिली ती मात्र याच ॲबिटने, आणि त्याचं श्रेय तिला द्यायलाच हवं.

रसायनाचा पुरावा जास्त भक्कम आहे. या कपॅसिटरांत ॲल्युमिनियमची पट्टी असते आणि तिच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. रोध कमी हवा आणि खर्चही कमी हवा, म्हणून द्रवात पाण्याचं प्रमाण वाढवलं जातं. पाणी ॲल्युमिनियमला खातं आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. हे थोपवणारी द्रव्यं त्या द्रवात घालावीच लागतात. मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी निकामी कपॅसिटर उघडून आतल्या द्रवाची रासायनिक तपासणी केली. त्यांना हायड्रोजन सापडला, आणि द्रवात जे घटक असायला हवे होते ते नव्हते किंवा अपुरे होते. माझ्यासमोरच्या बोर्डावरच्या फुगलेल्या टोप्यांचा अर्थ मला त्या अहवालामुळे लागतो. सूत्र कुणी कुठून पळवलं हे तो अहवाल सांगत नाही, सांगण्याचा आवही आणत नाही. मला तो म्हणूनच विश्वासार्ह वाटतो.

तिसरा पुरावा न्यायालयातला. ॲडव्हान्स्ड इंटरनेट टेक्नॉलॉजीज या अमेरिकी कंपनीने २००७ मध्ये डेल या संगणक कंपनीवर दावा लावला. त्यातली कागदपत्रं खुली झाल्यावर जून २०१० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यांवर बातमी छापली. मे २००३ ते जुलै २००५ या काळात बिघडण्याचा धोका असलेले किमान १ कोटी १८ लाख संगणक डेलने विकले, असं त्यांतून दिसतं. त्यांत बसवलेले सदोष कपॅसिटर निचिकॉनचे होते आणि निचिकॉन जपानी कंपनी आहे. चोरीच्या गोष्टीत जपान हे अस्सल मालाचं घर आणि तैवान नकलेचं. या कागदांपुढे ती सोपी वाटणी उरत नाही.

त्याच कागदांतला एक तपशील मला विसरता येत नाही. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातले संगणक बंद पडू लागले, तेव्हा डेलने ते तपासले आणि कारण दिलं की विभागाने त्यांच्याकडून फार अवघड गणितं करून घेतली. संगणक गणितं करण्यासाठीच घेतलेले. डेलची बाजू मांडणाऱ्या वकिलांच्या फर्मकडेही असे हजार संशयित संगणक होते आणि ते दुरुस्त करून द्यायला कंपनीने खळखळ केली, हेही त्याच कागदांत नोंदलंय.

त्या वकिलांच्या संगणकांबद्दल निदान ईमेल होत्या आणि पुढे त्या न्यायालयात उघडल्या गेल्या. असेंबल्ड पीसी घेणाऱ्याकडे कार्बनची एक पावती असायची. तिच्यावर बोर्डाचं नाव, रॅमचा आकडा आणि कोपऱ्यात ‘१ वर्ष वॉरंटी’. हे कपॅसिटर पहिल्या वर्षी सहसा फुगत नसत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पीसी बंद पडायला लागला की त्याला सांगितलं जाई ते त्याच्या घरातल्या विजेबद्दल, आणि तो नवा स्टॅबिलायझर घेऊन घरी परते.