जुन्या लाकडाची नाव

भिलाईचे नाव घेताच आम्हां मराठी मंडळींच्या डोळ्यांपुढे पोलाद उभे राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि भातशेतीच्या या मैदानात एक नवे नगर वसले. परंतु पश्चिमेस, दुर्ग शहरापलीकडे वाहणाऱ्या शिवनाथ नदीचा इतिहास या नगराहून फार जुना आहे, आणि त्यात आपल्या पूर्वजांचाही काही वाटा आहे. त्या इतिहासातील एका अगदी सामान्य वस्तूकडे, म्हणजे जुन्या लाकडातून स्वस्तात बांधलेल्या नावेकडे, आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

शिवनाथ पुढे खारून, अरपा आदी नद्यांना पोटात घेऊन शिवरीनारायणाच्या अलीकडे महानदीस मिळते, आणि महानदी संबळपूर व कटक यांवरून समुद्रास जाते. १७४१ मध्ये भास्करपंत कोल्हटकरांची फौज रतनपुरास आली. १७५१ पासून कटक नागपूरकर भोसल्यांकडे आले. १७५८ ते १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक इंग्रजांकडे जाईपर्यंत या जलमार्गाची दोन्ही टोके अशी एकाच घराण्याच्या हाती होती. संबळपुराहून धान्य व जंगलचा माल नावांनी कटकेस जाई आणि मीठ व कापड उलट येई. क्लाइव्हने १७६६ मध्ये टॉमस मोट यास संबळपुरी पाठविले, ते मात्र हिऱ्यांसाठी. हिऱ्यांची हकीकत ग्रंथांत आली. मीठ वाहणारी नाव कोणी लिहून ठेवली नाही.

असे का व्हावे? आमच्या मते याचे उत्तर त्या नावेच्या लाकडातच आहे. राजाचे जहाज नव्या सागाचे असते. त्याचा हिशेब दप्तरात राहतो. केवटाची नाव हाती येईल त्या लाकडाची असते. पडक्या घराची तुळई, मोडलेले दार, वाहून आलेले खोड, जुन्या नावेच्या फळ्या, हेच तिचे भांडवल. रामकथेतील केवट आपल्या नावेची स्त्री होईल म्हणून भितो, तेव्हा भाविक हसतात; परंतु एका नावेवर ज्याचे सारे घर चालते, त्याची ती भीती अगदी व्यवहाराची आहे.

जुन्या लाकडाचे काही गुणही आहेत. नवे लाकूड वाळताना आक्रसते, पिळते, फटी पाडते. घरात अनेक पावसाळे काढलेल्या तुळईचे आक्रसणे संपलेले असते. मात्र तिची परीक्षा कसून करावी लागते. टोचा मारून कीड शोधावी, ठोकून आवाज ऐकावा, प्रत्येक खिळा उपटून भोकात लाकडाची मेख ठोकावी. नदीच्या उथळ पाण्यास सपाट तळाची नाव सोयीची, आणि आखूड फळ्या तळाला आडव्या बसविता येत असल्याने तुकडेही वाया जात नाहीत. फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासून वर राळ लावतात; आणि राळ म्हणजे तरी काय? ज्या सालवृक्षांसाठी छत्तीसगड प्रसिद्ध आहे, त्यांचाच तो डिंक. ओला साल इतका जड की एकटा तरत नाही. वाहून न्यावयाचा तर त्याला बांबूंची जोड द्यावी लागते. अशी जोड देण्यास आपल्या भाषेत ‘सांगड’ म्हणतात. कचेरीत आपण जमाखर्चाची सांगड घालतो, तेव्हा नकळत नावाड्याचाच शब्द वापरतो.

हे केवळ येथलेच नव्हे. हिरोडोटस सांगतो की युफ्रेटिसवरून बॅबिलोनास येणारे व्यापारी माल विकल्यावर नावेचा सांगाडाही विकीत आणि कातडी गाढवावर लादून घरी परतत. अब्राहम लिंकन तरुणपणी, १८२८ आणि १८३१ मध्ये, सपाट तळाच्या नावेने न्यू ऑर्लिन्सला गेला. तशा नावा तेथे मोडून लाकूड म्हणून विकल्या जात, आणि त्या फळ्यांची घरे उभी राहत. घराची नाव होते, नावेचे घर होते. म्हणूनच गरिबाची नाव वस्तुसंग्रहालयात सापडत नाही. ती कुणाच्या तरी चौकटीत किंवा चुलीत गेलेली असते.

१८९१ मध्ये नागपूर–आसनसोल लोहमार्ग सुरू झाला, १८९३ मध्ये संबळपुरास फाटा गेला, आणि माल नदीवरून रुळांवर आला. १३ जानेवारी १९५७ रोजी हिराकुड धरणाचे उद्घाटन झाले. वरच्या नद्यांतून समुद्राकडे जाणारी सलग वाट त्या भिंतीपाशी थांबली. धरणाने शेते भिजली, वीज आली. त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. परंतु मार्ग बंद होणे निराळे आणि विद्या नाहीशी होणे निराळे.

वैनगंगेकाठचा मराठी माणूस नावेला ‘डोंगा’ म्हणतो. शिवनाथेकाठचा छत्तीसगडी केवटही ‘डोंगा’च म्हणतो. एवढ्या जवळच्या शेजाऱ्याशी बोलण्यास दुभाषी लागत नाही. नोकरीनिमित्त येथे आलेल्या आपल्या बांधवांपाशी लेखणी आहे, टिपण ठेवण्याची सवय आहे. बदलीचा हुकूम येण्यापूर्वी एखाद्या रविवारी नदीकाठी जाऊन कोणते लाकूड, कोणती मेख, कोणती राळ, एवढे जरी कोणी उतरून घेतले, तरी जे दप्तरात कधीच आले नाही ते प्रथमच कागदावर येईल. पोलादाचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. लाकडाचा इतिहास मात्र सांगणाऱ्याबरोबरच जातो.