गॅस्केट असताना सीलंट किती आणि कोठे?

खामगाव - मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावरील (पूर्वीचा क्रमांक ६, आताचा ५३) खामगाव परिसरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. भर उन्हात महामार्गावरून धावणाऱ्या किंवा बोथा घाट चढून बुलडाण्याकडे जाणाऱ्या मोटारीत कूलंट कमी असेल, तर इंजिन तापते आणि हेड गॅस्केट जाण्याचा धोका निर्माण होतो. दुरुस्तीच्या वेळी मग एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. नवीन गॅस्केटला सीलंट लावावे की नाही?

गॅस्केट, म्हणजेच बोलीभाषेतील 'पॅकिंग', दोन धातूंच्या पृष्ठभागांमध्ये दाबले जाऊन सांधा बंद करते. हेड गॅस्केटचे काम सर्वांत अवघड असते. ज्वलनाचा दाब, कूलंट आणि ऑइल या तिन्ही गोष्टी त्याला एकमेकांपासून वेगळ्या ठेवाव्या लागतात. आधुनिक इंजिनांत अनेक पोलादी थरांचे गॅस्केट वापरतात व त्यावर कारखान्यातच लेप दिलेला असतो. त्यामुळे उत्पादकाने स्पष्ट सांगितले नसेल, तर ते कोरडेच बसवावे. वरून लावलेल्या सीलंटमुळे गॅस्केट समान दाबले जात नाही.

गळतीचे खरे कारण अनेकदा वेगळेच असते. तापलेले ॲल्युमिनिअमचे हेड वाकते. सरळ पट्टी व फिलर गेजने ते तपासता येते. मिलिमीटरच्या काही शतांशांपेक्षा अधिक वाक असल्यास हेडचे फेसिंग करावे लागते किंवा ते बदलावे लागते. हा दोष सीलंटने झाकला जात नाही.

सीलंट कोठे हवे?

टॅपेट कव्हरचे रबरी गॅस्केट सामान्यतः कोरडे बसते. मात्र जेथे दोन भागांचा सांधा गॅस्केटखाली येतो, त्या कोपऱ्यांवर सीलंटचा छोटा ठिपका देण्याची सूचना अनेक उत्पादक करतात. काही इंजिनांच्या ऑइल चेंबरला गॅस्केटच नसते. तेथे सिलिकॉनची अखंड, साधारण २ ते ३ मिलिमीटर जाडीची रेघ ओढतात. पेट्रोलच्या संपर्कातील सांध्यांवर मात्र साधे सिलिकॉन वापरू नये. ते पेट्रोलमध्ये फुगते व सुटते.

जास्त लावल्यास काय होते?

बोल्ट आवळताना जादा सीलंट दोन्ही बाजूंनी बाहेर येते. बाहेरचे पुसता येते, आतले दिसत नाही. त्याचे तुकडे सुटून चेंबरमधील ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. ऑइलचा प्रवाह घटतो, बेअरिंग कोरडी पडतात आणि प्रसंगी इंजिन जाम होते. किरकोळ गळती थांबविण्यासाठी केलेला उपाय अशा रीतीने पूर्ण इंजिनाच्या दुरुस्तीपर्यंत नेतो. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन धातू गंजवू शकते, तसेच त्याच्या वाफेने ऑक्सिजन सेन्सरही खराब होऊ शकतो. म्हणून पाकिटावर 'सेन्सरला सुरक्षित' असा उल्लेख पाहावा.

योग्य पद्धत

जुने गॅस्केट व सीलंट खरवडून काढताना ॲल्युमिनिअमवर ओरखडे पडू देऊ नयेत. पृष्ठभाग तेलविरहित व कोरडे असावेत. सिलिकॉन हवेतील ओलाव्याने घट्ट होते. त्यामुळे वरची साय धरण्यापूर्वीच भाग जोडावा. पूर्ण घट्ट होण्यास साधारण २४ तास लागतात, तोपर्यंत गाडी सुरू करण्याची घाई नको. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्यानेच आवळावेत. काही इंजिनांचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात.

रेडिएटरमध्ये बुडबुडे, दुधाळ झालेले ऑइल किंवा गरम इंजिनातूनही सतत निघणारा पांढरा धूर दिसल्यास गाडी पुढे चालवू नये. दुरुस्तीनंतर वाहनधारकांनी हेड तपासले काय, बोल्ट टॉर्कने आवळले काय आणि सीलंट कोठे लावले, एवढे तीन प्रश्न मेकॅनिकला अवश्य विचारावेत.