भाकरी महाग कशी झाली? (बारामती-इंदापूरची गोष्ट)

"हेल्दी खायचं तर खिसा गरम पाहिजे बाबा!" आयटीतल्या कुठल्याही कॅन्टीनमध्ये हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतंच. कुणाची शुगर बॉर्डरवर आलेली असते, कुणाला डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलेलं असतं. मग शनिवारी सुपरमार्केटात जायचं, 'मिलेट', 'मल्टिग्रेन', 'ग्लूटेन फ्री' असं छापलेली चार पाकिटं उचलायची आणि बिल बघून पुढचा महिनाभर परत वडापाववर यायचं. :)

आता मिलेट म्हणजे काय? ज्वारी, बाजरी, नाचणी आणि त्यांची चुलत भावंडं. आमच्या बारामती-इंदापूरकडे ज्याला पिढ्यान् पिढ्या गरिबाचं खाणं म्हणत आले, तेच.

दोन आकडे शेजारी ठेवून बघा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात रेशनचे भाव ठरले ते असे: तांदूळ ३ रुपये किलो, गहू २ रुपये आणि भरड धान्य, म्हणजे ज्वारी-बाजरी वगैरे, १ रुपया. कायद्याच्या लेखी बाजरी सगळ्यात स्वस्त. (जानेवारी २०२३ पासून तर हे धान्य मोफतच आहे.) दुसरा आकडा हमीभावाचा. २०२४-२५ च्या पिकासाठी केंद्राने मालदांडी ज्वारीला क्विंटलमागे ३४२१ रुपये जाहीर केले, बाजरीला २६२५ आणि गव्हाला २४२५. म्हणजे गरिबाचं धान्य सरकारदरबारीच गव्हाहून महाग! आणि रेशनच्या दुकानात बहुतेक महिने मिळतात गहू आणि तांदूळ, ज्वारी-बाजरी कधीमधी.

एकाच देशात, एकाच धान्याला असे उलटसुलट भाव का? आमच्या प्रोफेशनमध्ये एखादी सिस्टीम विचित्र वागायला लागली की जुना कोड उघडून बघतात. मी तेच केलं. आणि गंमत म्हणजे या कोडची बरीचशी पानं आमच्याच दोन तालुक्यांत लिहिली गेली आहेत.

आधी थोडा भूगोल. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस आमच्याकडे येईपर्यंत आटलेला असतो. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. दक्षिणेला नीरा, उत्तरेला भीमा आणि मधे मुरमाड माळ. हलक्या रानात खरिपाची बाजरी, काळ्या रानात रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू. बाजरीत तूर, मटकी, हुलगा पेरायचा, बांधाला अंबाडी, कारळे. आज डाएटिशियन जो चार्ट लिहून देतात त्यातलं निम्मं-अधिक एकाच शेतात उभं असायचं. पोटभर असायचं असं मात्र नाही. आजोबांच्या काळी सगळे ठणठणीत होते वगैरे स्वप्नरंजन मी करणार नाही. पाऊस चुकला की उपास, हे ठरलेलं.

या भागात इंग्रज आले १८१८ ला. दहाएक वर्षांनी रॉबर्ट प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची जमीनमोजणी केली. साहेब अर्थशास्त्र शिकून आलेले. प्रत्येक जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्याच्या ५५ टक्के सरकारने घ्यायचे, असा फॉर्म्युला. कागदावर एकदम परफेक्ट. पण खालचा डेटाच चुकीचा! मोजणीत गोंधळ, त्यात धान्याचे भाव कोसळलेले आणि सारा मात्र रोख पैशात. इंदापूर तालुक्यात लोक जमिनी टाकून परागंदा झाले. शेवटी १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापुरातच नव्याने मोजणी सुरू केली, सारा कमी केला आणि तीस वर्षांसाठी बांधून दिला. (विंगेट हा लष्करातला इंजिनिअर होता, हे आपलं उगाच सांगून ठेवतो.) पुढे मुंबई इलाख्यात हीच पद्धत पसरली.

सारा कमी झाला तरी तो रोखच राहिला. ही बारीकशी वाटणारी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रोख हवी म्हणजे सुगीत, भाव पडलेला असताना, धान्य विकायचं. ज्येष्ठ-आषाढात कणगी रिकामी झाली की तेच धान्य गावच्या वाण्याकडून चढ्या भावाने किंवा सवाईने, दिढीने आणायचं. सवाई म्हणजे चार पायलीला पाच परत, दिढी म्हणजे चारला सहा. वाणी आणि सावकार बहुतेक ठिकाणी एकच. म्हणजे किराण्याची वही आणि कर्जाची वही एकच. मंथली बजेटिंग वगैरे शब्द आपल्याला आता सुचतात. आपलंच धान्य आपल्यालाच उधारीवर विकत घ्यायचं, हे बजेट तेव्हाचा शेतकरी दरवर्षी मांडत होता.

तीस वर्षांचा करार संपला. १८६७ पासून नव्या मोजणीने सारा भरमसाठ वाढला. त्याच सुमाराला अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्याने कापसाची तेजी ओसरली आणि सावकारांनी उधारी आखडती घेतली. १२ मे १८७५ ला भोवतालच्या गावांतले शेतकरी सुप्याच्या पेठेत जमले आणि त्यांनी दुकानदार-सावकारांकडे वह्या आणि कर्जरोखे मागितले. वह्या जाळल्या, धान्याची दुकानं लुटली. हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. इतिहासाच्या पुस्तकात आपण 'दख्खनचे दंगे' म्हणून पाच मार्कांसाठी पाठ करतो ते हेच. रोख माणसं मारण्यावर नव्हता, कागद जाळण्यावर होता. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला.

तोवर १८७६ चा दुष्काळ येऊन गेला होता. त्याच दुष्काळात कामावर आलेल्या हातांनी नीरा डाव्या कालव्याची माती उपसायला सुरुवात झाली. १८८५ च्या सुमाराला पाणी वाहू लागलं. उद्देश साधा होता, पाऊस चुकला तरी ज्वारी-बाजरी वाचावी. पण झालं असं, की पाऊस बरा असला की शेतकरी पाणीच घेईना. बाजरीला पाणीपट्टी भरून पाणी द्यायचं कशाला? कालवा तोट्यात. मग उसाकडे लक्ष गेलं. ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा, त्याला बारमाही पाणी लागतं आणि पाणीपट्टीही भरपूर मिळते.

१९०० च्या आसपास याच कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी 'ब्लॉक पद्धत' आणली. होय, इंजिनिअर्स डे वाले विश्वेश्वरय्या! जमिनीचे गट पाडायचे, एक तृतीयांश क्षेत्रात ऊस आणि बाकीच्यात धान्यासारखी कमी पाण्याची पिकं आलटून पालटून घ्यायची. पाणी जास्त गावांना मिळावं आणि जमीन पाणथळ होऊ नये, हा हेतू. रिसोर्स अलोकेशनचं एवढं सुंदर उदाहरण आम्हाला कॉलेजात कुणी सांगितलं नाही. पण उसाची ओढ कुठल्याही पद्धतीपेक्षा मोठी निघाली. १९३२ मध्ये साखरेला संरक्षण देणारा कायदा झाला, पाठोपाठ इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभं राहिलं. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे सहकारी कारखाने आले. पुढे १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमेच्या काठीही ऊस आला.

उसाने आमच्या भागाचं भलं केलं नाही असं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. शाळा, कॉलेजं, रस्ते आणि अप्रत्यक्षपणे माझ्यासारख्यांच्या डिग्र्या त्यातूनच आल्या. पण ज्या पाण्याने भाकरी वाचवायची होती, ते पाणी साखरेकडे गेलं. भाकरी जिरायती माळावर पावसाच्या भरवशावर राहिली.

दुसरं वळण रेशनचं. मुंबईत रेशनिंग सुरू झालं १९४३ मध्ये, युद्धामुळे. १९५० च्या दशकात अमेरिकेचा गहू आला, १९६५ मध्ये अन्न महामंडळ निघालं आणि हरितक्रांतीनंतर पंजाबचा गहू गोदामांत भरला. सरकारने खात्रीने विकत घेतले ते गहू आणि तांदूळ, त्यामुळे वाटायलाही तेच. आमच्या माळावरच्या घरात हजार-दीड हजार किलोमीटरवरून आलेला गहू घरच्या बाजरीपेक्षा स्वस्त पडायला लागला.

आमची आजी इंदापूर तालुक्यातल्या जिरायती गावची. तिच्या लहानपणी गव्हाची पोळी सणाला, तीही पाहुण्यांना आधी. ७२ च्या दुष्काळात ती कामावर खडी फोडायला होती. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. "भाकरी थापली की हातातच तुटायची," असं ती अजून सांगते. ते दिवस सरल्यावर घरात रोज गव्हाची चपाती होऊ लागली, ही तिच्या दृष्टीने प्रगती होती. आणि होतीच की! काही वर्षांपूर्वी आईला शुगर निघाली आणि डॉक्टरांनी ज्वारीची भाकरी खायला सांगितली, तेव्हा आजी इतकी हसली की विचारू नका. "आयुष्यभर जिच्यातून सुटायला धडपडलो, ती आता औषध म्हणून विकत आणा!"

तिसरं कारण अगदीच टेक्निकल आहे. बाजरीत स्निग्धांश जास्त, त्यामुळे तिचं पीठ आठ-दहा दिवसांत कडू व्हायला लागतं. गव्हाचं पीठ महिना-दोन महिने पाकिटात राहतं. कारखाना, गोदाम, ट्रक, मॉलचं शेल्फ ही अख्खी साखळी टिकाऊ मालासाठी बांधलेली आहे. बाजरी त्यात बसवायची तर प्रक्रिया करा, लवकर खपवा, आणि तो खर्च गिऱ्हाइकाकडून काढा. शिवाय शाळू हाताने उपटून काढायचा, त्याला मजूर मिळत नाहीत. १९८० च्या दशकात महाराष्ट्रात साठ लाख हेक्टरांवर ज्वारी होती, आता ती वीस लाखांच्या आसपास किंवा त्याहून खाली आली आहे. माल कमी झाला आणि शहरातून मागणी वाढली. २०१८ मध्ये केंद्राने 'भरड धान्यां'ना 'पौष्टिक धान्य' असं नाव दिलं आणि २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी मिलेट वर्ष म्हणून साजरं केलं. माल तोच, व्हर्जन नवीन.

तर एवढ्या पुराणानंतर मुद्दा काय? हेल्दी खाणं मुळात महाग नाही. महाग आहे ते गिरणीपासून शेल्फपर्यंतचं अंतर. राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते बघा: १०० ग्रॅम बाजरीत लोह ६ मिलिग्रॅमच्या आसपास, गव्हात ४ च्या, पांढऱ्या तांदळात १ पेक्षाही कमी. हुलग्यात प्रथिनं २१-२२ टक्के. हुलगा आमच्याकडे एकेकाळी बैलांना घालायचे, आणि त्याचंच माडगं आणि शेंगोळे माणसं खायची. (भाकरी हेसुद्धा पिष्टच, हेही लक्षात ठेवा. चार भाकऱ्या हाणून शुगर उतरत नाही. सोबत उसळ आणि पालेभाजी पाहिजे.)

मी सध्या काय करतो ते सांगतो. आम्ही फ्लॅटवर तिघं आहोत. पीठ विकत आणायचं नाही, धान्य आणायचं. नवी बाजरी दिवाळीच्या आगेमागे, नवा शाळू होळीच्या सुमाराला. गावी गेलो की बाजारातून तिघांत मिळून वीस-पंचवीस किलो उचलायचं, ऊन द्यायचं, कडुनिंबाचा पाला घालून डब्यात भरायचं आणि आठवड्याला दोन किलो गिरणीतून दळून आणायचं. मटकी, हुलगा, शेंगदाणे, जवस, कारळे सुटे घ्यायचे. भाजीत मेथी, तांदुळजा, घोळ, शेवग्याचा पाला, जे त्या दिवशी स्वस्त असेल ते. भाकरी थापता येत नसेल तर ज्वारीच्या पिठाची धिरडी घाला, कुणी फाशी देत नाही.

पण यात एक खटकणारी गोष्ट आहे. आमच्या जिरायती भावकीत आता शाळू विकतात आणि रेशनचा गहू खातात. शाळूला भाव आहे आणि गहू फुकट आहे, त्यामुळे त्यांचा हिशोब बरोबरच आहे. १८७५ मध्ये सारा भरायला धान्य विकावं लागायचं, आज पोरांच्या फिया भरायला विकतात. फरक खूप आहे, कुणाची कणगी जप्त होत नाही. तरी ज्याच्या शेतात लोह आणि प्रथिनं पिकतात त्याच्याच ताटातून ती आधी निघून जातात, हे काही बदललेलं नाही. रेशनवर गव्हाच्या जोडीला आपल्याच भागातली ज्वारी-बाजरी दर महिन्याला, नेमाने मिळाली तर पिकवणाऱ्याला गिऱ्हाईक मिळेल आणि खाणाऱ्याला भाकरी. कायद्यात तशी सोय २०१३ पासून आहेच.

ते होईल तेव्हा होईल. तोवर बाजारात गेलात तर पाकीट बाजूला ठेवून पोत्यापाशी बसलेल्या माणसाला एवढंच विचारा, "शाळू कुठल्या गावचा?" गावाचं नाव सांगणारा बहुतेक वेळा पिकवणारा असतो. त्याच्याकडून घ्या, आणि फार घासाघीस करू नका.